करंगळीतला घोड्याचा केस

बाळाची डावी मूठ पाहुण्यांसमोर उघडायची नाही, असा पंचवटीतल्या त्या घरात नियमच होऊन बसला होता. करंगळीला लागून सहावं बोट होतं, भाताच्या कोंबाएवढं. ते दिसू नये म्हणून लेकराच्या हाती सदानकदा मोजा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बोटात हाड आहे. पोर वर्षाची झाली की भूल देऊन नीट काढू. तोवर घरी काही करू नका." पण पेठहून बारशाला आलेल्या आजीला, चिमणाबाईंना, एवढा धीर कुठला?

"सहा बोटांची पोर सासरला जड म्हणत्यात. लगीन कोण करंल?"

"आई, अजून दात नाहीत तिला, अन् तुम्ही लग्नाला निघालात," सून तृप्ती म्हणाली.

चिमणाबाई हसल्या, पण मनातलं सोडलं नाही. गावाकडची रीत त्यांनी पाहिलेली. घोड्याच्या शेपटीचा केस बोटाच्या बुडाशी आवळायचा, बोट गळून पडतं. केस त्यांनी येतानाच आणला होता. हरवू नये म्हणून स्वतःच्या करंगळीला गुंडाळून घट्ट गाठ मारली. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात कीर्तन होतं; ते संपलं, की देवासमोर बाळाला बांधायचा.

त्या संध्याकाळी कीर्तनकार निकिताताईंचं कीर्तन रंगलं. आख्यान बाळकृष्णाच्या पाळण्याचं. वीणेच्या झंकारात, धुपाच्या वासात चिमणाबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि मांडीवरच्या नातीसकट कधी पेंगल्या ते कळलंच नाही. स्वप्नात गोदेच्या पाण्यावर पाळणा तरंगत होता. कडेनं दिवेच दिवे. पाळण्यातून चिमुकला हात वर आला, बोटं निळी-निळी. लेकरू रडत होतं आणि आवाज मात्र येत नव्हता.

कळ मस्तकात गेली तशा त्या जाग्या झाल्या. स्वतःचीच करंगळी सुजून निळी पडली होती! केस मांसात रुतला होता, गाठ सुटेना. तृप्तीनं मंदिराच्या दारातल्या हारवालीची कातर आणली, निकिताताईंनी अलगद केस कापला.

"माउली, हे कशासाठी बांधलं होतं?" ताईंनी विचारलं.

चिमणाबाईंनी नातीच्या मोज्याकडे पाहिलं. ताईंनी ती रीत ऐकलेली होती, त्या समजल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या, म्हणून जाग्या झालात. हिला बांधलं असतं, तर हिनं कुणाला सांगितलं असतं? रडली असती, अन् आपण म्हटलं असतं, भूक लागली."

"माझ्या राठ बोटाची ही गत," चिमणाबाई म्हणाल्या, "तर ह्या लोण्याचं काय झालं असतं गं?"

दुसऱ्या दिवशी बारशाला त्यांनी स्वतःच मोजा काढला. शेजारीण भागीबाई टक लावून बघू लागली, तशा म्हणाल्या, "बघ नीट, सहा हायेत. वर्षानं डॉक्टर काढंल. तवर माझी नात मला सहा बोटांनी धरंल."

नाव ठेवलं वेदिका.

मंडळी, जादा बोट हा ना शाप, ना कुणाचं पाप. ते काढायचं की नाही, कधी आणि कसं, हे डॉक्टरांना विचारावं. दोरा, केस, तापला विळा लेकराच्या अंगाला लावू नये. देवानं दिलेल्या हाताला आपला हात लागावा, तो फक्त मायेचा.