मांडीवरची उशी

सकाळी अकरा वाजता, बाळाला पाजून झाल्यावर, आईची मान उजवीकडे वळेनाशी झाली. दारातून कुणी हाक मारली, पण तिला तिकडे बघताच येईना. कळ सोसत ती खाटेवर तशीच बसून राहिली.

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. त्या वेळी मी तिच्या शेजारीच पडले होते.

मला तिनेच शिवले. ती कपडे शिवते. उरलेल्या जाड कापडाची खोळ करून तिने माझ्यात दाबून दाबून कापूस भरला. शिलाई मशीनपुढच्या खुर्चीत मी तिच्या पाठीला टेकू देत असे. लग्नानंतर मी तिच्याबरोबर या घरी आले. सासऱ्यांचा पाय मोडला तेव्हा तो माझ्यावर ठेवत. पाय बरा झाला आणि मी माळ्यावर गेले. बाळ आले तेव्हा कुठे मला खाली काढून ऊन दाखवले.

पण माझे करायचे काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. ती खाटेच्या कडेला पाय लोंबते सोडून बसे आणि बाळाने नीट तोंडात धरले का, हे बघायला खाली वाके. बाळाचा डोळा लागला की ते जागे होईल म्हणून तशीच वाकून राही. सगळे म्हणत, "किती जीव लावते!"

मान अडकल्यावर बाळाचे बाबा तिला फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी घरातली उशी आणायला सांगितले होते, म्हणून पिशवीतून मीही गेले. बाईंनी तिची पाठ भिंतीला टेकवली, पायांखाली स्टूल दिले, मला मांडीवर ठेवले आणि माझ्यावर बाळाला. खांदे सैल सोडायला लावले, हनुवटी आत ओढायचा व्यायाम शिकवला.

"मान बाळाकडे न्यायची नाही, बाळाला वर घ्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि बोटांना मुंग्या आल्या तर अंगावर काढू नका."

घरी सासूबाईंना हे पटेना. स्वयंपाक, लंगोट, बाळाची अंघोळ, सगळे त्याच ओढत होत्या. सुनेवर त्यांची मायाही होती. "दुखते मान, आणि उशी बाळाखाली? अगं, तुझ्या त्या बाईंना शिकवलं तरी कुणी?" असे म्हणत त्यांनी मला काढून तिच्या मानेमागे खोचले. बाळ पुन्हा खाली गेले. माझ्या जाडीने तिचे डोके आणखीच पुढे ढकलले जाई. आपल्यासाठी इतके राबणाऱ्या सासूला नाही कसे म्हणायचे, म्हणून ती तशीच वाकून पाजत राहिली. "उशी मोठी गुणाची आहे हो," सासूबाई शेजारणीला सांगत. माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि झाले ते मी चुकीच्या जागी असताना.

मग एकदा दोरा ओवताना तिच्या बोटांना मुंग्या आल्या आणि सुई गळाली. तिने उचलली, तर पुन्हा गळाली.

या वेळी सासूबाई बरोबर गेल्या. उशी कुठे ठेवता, असे बाईंनी विचारले. सासूबाईंनी मला मानेमागे लावून दाखवले आणि बाईंचा उतरलेला चेहरा पाहून त्यांचीच समजूत घातली. "अहो, एवढं काय घाबरायचं? आम्हीही अशाच बसून पोरं वाढवली. माझी तरी मान कुठे वळते आता?"

हे म्हणताना त्यांचा हात स्वतःच्याच मानेवर गेला. मग सासूबाईंनीच मला मानेमागून काढले आणि सुनेच्या मांडीवर ठेवले.

आता मी जागेवर आहे. पण मुंग्या गेलेल्या नाहीत. उजव्या हाताची पकडही कमी झाली आहे. हातात जोर येईपर्यंत तिने बाळाला उचलायचे नाही, असे बाईंनी पाठवलेल्या मोठ्या डॉक्टरांनी मान तपासून बजावले आहे. पाजणे सोडायची मात्र तिची तयारी नाही. सासूबाई बाळाला उचलून माझ्यावर ठेवतात आणि पाजून होईपर्यंत शेजारी उभ्या राहतात.

मित्रांनो, बाळाकडे सगळेच बघतात. तुमच्या घरी कुणी बाळाला पाजत असेल, तर एकदा तिच्या मानेकडे बघा. तिने मागायच्या आधी उशी द्या. कुठे ठेवायची, ते मात्र तिलाच विचारा.

पाजणे थांबवावे लागलेच तर म्हणून काल संध्याकाळी बाळाचे बाबा पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आले. तिने तो फळीवर ठेवला. मानेच्या तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे. डब्याचे झाकण अजून कुणी उघडलेले नाही.