कुलप्या

आमच्या गावात कुणी चिक्कूपणा केला की त्याला 'कुलप्या' म्हणत. हा शब्द सिनेमातून आला. जत्रेतल्या तंबूत लागलेल्या एका सिनेमात अच्युत सरंजामे नावाचा नट गावच्या पाटलाचं काम करायचा. भर उन्हाळ्यात गावच्या विहिरीला कुलूप ठोकायचा, चावी कमरेला खोचायचा आणि असा गरजायचा की तंबूच्या कनाती हलायच्या. "तहान लागली? मग रडा! डोळ्यांतलं पाणी प्या!" माझी आई, धुरपताबाई, तो सिनेमा बघून आली आणि दोन दिवस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली.

आणि नेमका तोच माणूस माझ्या जीपमध्ये येऊन बसला.

मी लिंबाजी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि मी नव्या कलेक्टर कचेरीत ड्रायव्हर होतो. जिल्हा नवा असला तरी जीप जुनीच होती. दारावरचं 'उस्मानाबाद' खरवडून वर 'लातूर' रंगवलं होतं, तरी उन्हात खालचा 'उ' दिसायचाच. त्यात लागोपाठ दुसरं वर्ष दुष्काळाचं. मुंबईचे कलावंत दुष्काळी गावांना धीर द्यायला निघाले होते. त्यांतल्या सरंजामे साहेबांना नांदेडहून आणायचं, किल्लारीजवळच्या माझ्याच गावात नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करवायचं आणि तिथून पुढच्या गावाला पोचवायचं, ही कामगिरी माझ्या वाट्याला आली. टाकी मोठी देखणी होती. निळा रंग, पांढरी शिडी. फक्त आत पाणी नव्हतं.

गावभर मी बढाया मारून ठेवल्या होत्या. "बघा, असा वाघावाणी उतरतो का न्हाई जीपमधून!" नांदेडच्या विश्रामगृहातून बाहेर आला तो चष्मा लावलेला, किडकिडीत, मांडीवर पिशवी घेऊन बसणारा माणूस. मिशीसुद्धा नव्हती! लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं, तरी पठ्ठ्या मूग गिळून बसलेला. मी म्हणालो, "साहेब, तो डोळ्यांतल्या पाण्याचा डायलॉग एकदा होऊन जाऊ द्या की." तो लाजला. खरंच लाजला, नव्या नवरीसारखा! म्हणाला, "तो कागदावर लिहिलेला असतो हो." आणि खिडकीबाहेर वाळलेल्या रानांकडे बघत बसला. मला असा राग आला की औशापर्यंत एकही खड्डा मी चुकवला नाही.

खरं तर माझा जीव दुसरीकडेच होता. आमच्या वस्तीचा आड दिवाळीला आटला होता, गावाची विहीर संक्रांतीला. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही मनात आलं तर. बाकीचे दिवस आई आणि माझी बायको पारू दोन कोसांवरच्या झऱ्यावरून हंडे आणायच्या. पारूला सातवा महिना होता. मी सरकारी गाडीचा ड्रायव्हर, जिल्हाभर साहेबलोक हिंडवणारा, आणि माझी बायको पोट सांभाळत डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याची चढण चढत होती. या गोष्टीची मला रोज लाज वाटायची.

बरं, गावात पाणी नव्हतं असं नाही. किशनरावांच्या मळ्यातल्या विहिरीला दोन पुरुष पाणी होतं. किशनराव म्हणजे गावातलं मोठं माणूस. कपाळाला बुक्का, तोंडात अभंग, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं होतं. "पोरं पडतील," म्हणायचे. मोसंबीच्या बागेला मात्र रोज पाट वाहायचा. त्यांना कुलप्या म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. माझ्या बापानं उभी हयात त्यांच्या मळ्यात काढली होती.

दुपारी गावात पोचलो. टाकीखाली मांडव, मांडवात सारा गाव. अध्यक्षस्थानी अर्थातच किशनराव. त्यांच्या शेजारी त्यांच्या मालकीणबाई, कस्तुराबाई, ओवाळायचं ताट घेऊन. सरंजामे उतरले आणि गाव माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी वाघ सांगून शेळी आणली.

पाहुणा आला की आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. दुष्काळातही ती मोडलेली नव्हती. त्या दिवशी तांब्या भरून आणायचा मान नव्या टाकीच्या निमित्तानं आमच्या वस्तीला दिला होता आणि तांब्या माझ्या आईच्या हातात होता. पाच तासांच्या प्रवासानं त्या माणसाचे ओठ वाळले होते. त्यांनी ओंजळ पुढं केली.

आईनं तांब्या पाठीमागं लपवला.

"तूच का रं त्यो?"

"कोण?" सरंजामे.

"कुलप्या! हिरीला कुलूप लावलं हुतंस. ती गरवार बाई पाण्यापायी मेली, तुला काय वाटलं न्हाई? पाणी पायजे व्हय आता? आधी सांग, कुलूप का लावलंस?"

माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. "माय, सिनेमा हुता त्यो!" मी ओरडलो. "तू गप!" आईनं मला झटकलं. "म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

तोवर बायांमधून आवाज उठायला लागले. हाव, हाव, लावलं हुतं! म्या बी बघितलं! आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? अध्यक्षांचा. किशनरावांनी तो सिनेमा तीनदा बघून तीनदा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले होते. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बराबर इच्यारलंस, धुरपते! तान्हेल्याचं पाणी तोडणं, ह्याच्याएवढं पाप न्हाई. बोला साहेब, लाज न्हाई वाटली तुम्हाला?"

मला वाटलं, आता तरी हा गरजेल. पण सरंजामे ओंजळ तशीच धरून उभे. चष्मा घामानं नाकावर घसरलेला. खालच्या आवाजात म्हणाले, "वाटली."



"त्या दिवशी जेवण गेलं नाही मला," ते म्हणाले. एवढं बोलायचीसुद्धा सवय नसावी, एकेक शब्द शोधत होते. "पण बाई, ते कुलूप खोटं होतं. विहीरही खोटी. चार हात खड्डा आणि वर फळ्या. खऱ्या विहिरीला कुलूप लावणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. असा कुठे असतो का?"

देवाशपथ सांगतो, त्या माणसाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते इतक्या साधेपणानं विचारलं, की उत्तर मिळेल म्हणून वाटही बघत राहिले.

 आधी आईची मान वळली, मग पारूची, मग एकेक करून सगळ्या मांडवाची. किशनराव उभेच होते. बसावं तरी पंचाईत, उभं राहावं तरी पंचाईत. तोंडातला अभंग तोंडातच अडकला होता. कुणीतरी फिसकन हसलं. तोंडाला पदर लावून हसणारी बाई कोण म्हणून बघितलं, तर कस्तुराबाई!

"आवो," त्या म्हणाल्या, "पावने इच्यारायलेत. सांगा की."

मी किशनरावांना जन्मापासून बघत होतो. कानापर्यंत लाल झालेले मात्र त्या दिवशीच बघितले. पण माणूस राजकारणातला. घसा खाकरला, कमरेच्या करदोड्याला हात घातला आणि चावी काढून वर धरली.

"अरे, म्हणून तर पावने बोलावलेत!" ते ओरडले. "ह्या रिकाम्या टाकीचं काय उद्घाटन करायचं? आज मळ्यातल्या हिरीचं उद्घाटन हाय! पावन्यांच्या हस्ते! आजपासून हीर गावाची, पाऊस पडंपर्यंत!"

आम्ही सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. ते धडधडीत खोटं बोलतायत हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण पाणी मिळत असेल तर कुणाला एवढी इज्जत द्यायला आपलं काय जातं? सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. हात दोन दिवस दुखत होते.

मग जे निघालं त्याला मिरवणूक म्हणावं की दंगल, मला अजून ठरवता आलेलं नाही. हंडे, कळशा, घागरी, डालड्याचे डबे, एका पोराच्या हातात तर नुसता पेला. सरंजाम्यांनी कुलूप काढलं. जाळी बाजूला झाली. पहिला पोहरा खाली गेला आणि पाण्यावर आदळल्याचा आवाज आला, तेव्हा बाया अशा ओरडल्या की झाडावरचे बगळे उडाले. वस्तीतल्या बाया जरा मागं थांबल्या होत्या, सवयीनं. कस्तुराबाईंनी पारूचं पोट बघितलं आणि तिचा हात धरून तिला पुढं ओढलं. "तू आधी भर, माय." माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

सरंजामे दोर सोडायलाच तयार नव्हते. पोहऱ्यामागून पोहरा ओढत होते. चष्मा पिशवीत, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, तळव्याला फोड. कुणी आभार मानले की मान खाली घालायचे. आई त्यांच्या शेजारी उभी राहून "दमानं रं, लेकरा, दमानं" करत होती.

मी घड्याळ बघितलं. पुढच्या गावात तहसीलदार, बँडवाले, सगळे ताटकळले असणार. मी हॉर्न वाजवला, तरी उपयोग नाही. शेवटी जवळ जाऊन म्हणालो, "साहेब, चला आता. लई उशीर झाला."

त्यांनी पोहरा काठावर टेकवला. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच ते आपणहून एवढं बोलले.

"लिंबाजीराव, मी कुलूप लावतो आणि माझं काम संपतं. मला घरी पाठवतात. कुलूप उघडायचा सीन हिरोचा असतो, दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मला कधी कुणी बोलावलंच नाही." त्यांनी हंडे घेऊन हसणाऱ्या बायांकडे बघितलं. "तेव्हा काय होतं, ते आज बघतोय. थोडं बघू द्या ना."

मी जाऊन जीप बंद केली, बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या मागं उभा राहून दोर धरला.