घुमीने रिकामा केलेला खोका

मी खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा, वर धरायला मूठ असलेला, पोटावर हसऱ्या मुलाचं चित्र छापलेला. तो मुलगा कोण, हे आमच्या कारखान्यात कोणालाच ठाऊक नाही; पण इतका हसतोय म्हणजे त्याला काही विकावं लागत नसावं.

कारखान्यात आम्ही सगळे आधी चपटे असतो. मग एक यंत्र आम्हाला घड्या घालून उभं करतं आणि त्या क्षणापासून आपण कोणीतरी आहोत असं आम्हाला वाटू लागतं. माझी अपेक्षा माफक होती. गच्च भरावं आणि तसंच राहावं. खोक्याच्या जातीला रिकामं होण्यासारखी नामुष्की नाही, अशी माझी समजूत होती.

पोटात चॉकलेटं भरून माझी रवानगी झाली मुलांच्या एका मंडळाकडे. हे मंडळ दर उन्हाळ्यात तळ्याकाठी शिबिर भरवायचं. फी घसघशीत. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी सोय अशी, की चॉकलेटांचा एक खोका विकून रिकामा करायचा, म्हणजे फी माफ. सोय चांगली होती. फक्त कोणाला किती सोयीची, एवढाच प्रश्न होता.

माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला खोका गेला एका साहेबांच्या मुलाकडे. मुलाने तो वडिलांना दिला आणि वडिलांनी कचेरीत आपल्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. बस. रजा मागायला आलेला माणूस जाताना आपणहून दोन चॉकलेटं घेऊन जायचा, आणि बढतीची आशा असलेला चार. चॉकलेट तिथेच खाऊन "वा!" म्हणायचीही पद्धत पडली होती, असं त्या खोक्याने मला पुढे सांगितलं.

मी गेलो घुमीकडे. हे नाव गल्लीने ठेवलेलं. घरी पोरीची जीभ कात्रीसारखी चालायची, पण परकं माणूस समोर आलं की तोंडाला कुलूप. तिची आई शिवणकाम करायची. कापड आखायच्या खडूने घुमी घरभर फरशीवर होड्या काढायची, अगदी वल्ह्यांसकट. शिबिरातली गाणी, खेळ, शेकोटी तिच्या खिजगणतीतही नव्हती. तिला तळ्यात होडी चालवायची होती.

मंडळाच्या ताई मला तिच्या हाती देताना आईला म्हणाल्या, "अहो, ही बोलत नाही. ही विकणार काय?"

"बघेल ती," आई म्हणाली. पण घरी येताच तिलाही राहवलं नाही. "मी येऊ का गं सोबत? मी बोलेन, तू नुसती उभी राहा."

"मग होडीतही तूच बस," घुमी म्हणाली.

पहिल्या दिवशी आम्ही पुष्कळ दारं वाजवली. दार उघडायचं, घुमी तोंड उघडायची, आवाज फुटायचा नाही, की ती खाली मान घालून पायऱ्या उतरायची. दार उघडणाऱ्याला कोण आलं होतं हेही कळायचं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिने ओलं फडकं घेतलं आणि फरशीवरची मोठी होडी पुसून टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच मला रिकामं व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने एकच बदल केला. बोलायचा प्रयत्न सोडला आणि पळायचाही. बेल वाजवली, मला छातीशी धरलं आणि समोर बघत उभी राहिली.

दारात एक गोलमटोल मावशी आल्या. त्यांनी माझ्यावर मंडळाने चिकटवलेली 'शिबिराच्या फीसाठी चॉकलेटविक्री' ही चिठ्ठी वाचली, घुमीकडे पाहिलं.

"नको गं बाई. माझं डाएट चालू आहे."

घुमी गप्प.

"म्हणजे, सोमवारपासून चालू होणार आहे."

घुमी गप्पच.

"बघतेस काय अशी? माझ्या नवऱ्यासारखी! बरं, दोन दे. आणि एक वेगळं दे, ते इथेच खाते."

माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. बडबड करणाऱ्या विक्रेत्याला ती चुटकीसरशी वाटेला लावतात. पण समोरचा गप्प राहिला, की त्याचीही बाजू आपणच मांडायला लागतात. "मला साखर आहे," असं सांगणारे आजोबा पुढच्याच वाक्यात "पण नातवाला नाहीये," असं म्हणाले. एक न्हावीदादा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून स्वतःशी वाद घालत बसले, आणि शेवटी त्या साबण लावलेल्या गिऱ्हाइकानेच चॉकलेट घेतलं. मी झपाट्याने हलका होऊ लागलो.

शेवटच्या दिवशी तळाचा एक थर उरला होता आणि गल्लीत उरलं होतं एकच घर, वकीलकाकांचं. दारावर पाटी होती: 'विक्रेत्यांना प्रवेश नाही.' घुमीने पाटी वाचली. मग बेल दाबली.

"पाटी वाचता येते?" काकांनी विचारलं.

घुमीने मान डोलावली.

"मग? तू म्हणशील, मी आत कुठे आलेय, मी तर बाहेर उभी आहे. मुद्दा बिनतोड आहे. पण माझं ऐक." काका पायरीवर टेकले. दात, साखर, लहान मुलांना राबवणं, एकेक मुद्दा त्यांनी काढला. प्रत्येक मुद्द्यावर घुमीचं उत्तर काय असेल तेही सांगितलं आणि ते पटल्यासारखं स्वतःच मान हलवली.

आतून काकू म्हणाल्या, "अहो, कोणाशी भांडताय?"

"भांडत नाही. युक्तिवाद चाललाय."

"समोरचा काय म्हणतोय?"

"काही नाही."

"मग तुमचा आवाज का पडलाय?"

काकांनी घसा खाकरला. "मला हे मूळ तत्त्वच मान्य नाही. पोरांनी दारोदार फिरून सुट्टी का कमवायची? ज्याला शिबिराला जायचंय त्याला जाऊ द्यावं!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग जाऊ द्या की तिला."

काकांनी माझ्यात हात घातला आणि तळ लागेपर्यंत सगळं काढून घेतलं.

"एवढं सांग," ते म्हणाले, "तिथे जाऊन करणार काय?"

"होडी," घुमी म्हणाली.

मंडळात ताईंनी मला उलटा करून पाठीवर थापट्या मारल्या. काही पडलं नाही. शेजारी तो साहेबांचा खोका अर्धा भरलेलाच बसला होता. मधेच साहेबांची बदली झाली होती, आणि त्याच दिवसापासून कचेरीतल्या सगळ्यांना चॉकलेट बाधू लागलं होतं. साहेबांनी मुलाची फी भरून टाकली. त्यांना ती कुठे जड होती? पण रिकामा म्हणून मान माझा झाला. एखाद्या जेत्यासारखं मला टेबलावर उभं केलं गेलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

आज मी पुन्हा चपटा झालोय. घुमीने मला कपड्यांच्या पिशवीच्या तळाशी घालून शिबिराला आणलं आणि होडीची फळी ओली म्हणून बसायला खाली घेतलं. पुठ्ठ्याला पाणी लागलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. तक्रार नाही. तळ्याच्या मध्यापर्यंत पोचलेले खोके आमच्यात फार नाहीत.

तुमच्या दारात माझा एखादा भाऊ घेऊन कोणी पोर उभं राहिलं, तर खुशाल नाही म्हणा, हवे तितके वाद घाला. फक्त ते संपेपर्यंत दार उघडं ठेवा.

बरं, निरोप घेतो. माझा तळ सुटत चाललाय. तिचा मात्र वल्ह्यावर हात बसलाय.