शिकागोवाल्याचं घर

लूशियस टॉलिव्हर आणि क्लीओफस बेंटन एकोणतीस वर्षं भांडत आले होते, आणि तेही दोन शहरांवरून. सेंट लुईसच्या उत्तर भागातल्या त्यांच्या गल्लीत एकेकाळी बावीस घरं होती. आता दोनच उरली होती, लूशियसचं आणि शेजारचं क्लीओफसचं. बाकी सगळं कमरेएवढं गवत. पण गल्ली ओस पडली म्हणून भांडणाला काही ओहोटी लागली नव्हती.

लूशियस जन्माने इथला, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला. क्लीओफस शिकागोचा. लग्न करून बायकोच्या, ओडेसाच्या, गावी आला; पुढे ओडेसा वारली आणि हा इथेच राहिला. रोज दुपारी दोघं लूशियसच्या ओसरीवर बसायचे. लूशियस म्हणायचा, शिकागो दलदलीत बेडूक मोजत होतं तेव्हा आमच्या धक्क्याला मैलभर आगबोटी लागायच्या. क्लीओफस म्हणायचा, त्या आगबोटींनीच तुमचा घात केला. रेल्वे आली तेव्हा तुम्ही नदीकडे तोंड करून बसलात आणि व्यापार आम्ही नेला. लूशियस १९०४ चं जागतिक प्रदर्शन काढायचा, तर क्लीओफसचं प्रदर्शन त्याच्याही अकरा वर्षं आधीचं. मग शेवटचं अस्त्र म्हणून नदी निघायची. शिकागोवाल्यांनी आपली नदी उलटी फिरवली आणि गावची घाण मिसिसिपीत सोडली, थेट आमच्याकडे, असं लूशियस तावातावाने सांगायचा.

"आणि तुम्ही ती प्यायलात," क्लीओफस शांतपणे म्हणायचा. "तेव्हापासून तुम्हाला जरा अक्कल आली म्हणतात."

खरं तर दोन्ही शहरांनी या दोघांच्या तोंडाला पानंच पुसली होती. त्या प्रदर्शनात लूशियसच्या आजोबांना काळे म्हणून कुणी पेलाभर पाणीही दिलं नव्हतं. पण माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच, आणि लूशियसकडे विटा होत्या. १८४९ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळला, त्यानंतर इथे विटांचीच घरं उठली. पायाखालची माती अशी लाल आणि चिवट की भट्टीतून निघाली की दगड.

त्या विटांनीच गल्ली खाल्ली. चोर रिकामं घर हेरायचे आणि पेटवून द्यायचे. बंबवाले पाण्याचा मारा करायचे, त्याने भिंतीतला चुना सुटायचा, आणि मग चार दिवसांत भिंती उतरवून विटा दक्षिणेकडे रवाना. तिकडे नव्या श्रीमंतांच्या अंगणात जुन्या विटांना फार मान. लूशियसला हे सगळं पाठ होतं. म्हणून अनोळखी माणूस दिसला की तो काठी घेऊन पायरीवर उभा राहायचा.

मंगळवारी क्लीओफस रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जायचा. अशाच एका मंगळवारी धुतलेला शर्ट घातलेला एक माणूस गल्लीत आला. लूशियस काठी घेऊन उभा राहिला आणि या शहरात प्रत्येक जण जे आधी विचारतो तेच त्याने विचारलं: शाळा कुठली? इथे शाळेचं नाव सांगितलं की माणसाचं कूळ, वाडी, चर्च, सगळं कळतं. पुढे काही विचारावं लागत नाही.

त्या माणसाने लूशियसच्याच शाळेचं नाव सांगितलं. वर गणिताच्या मास्तरांना एक बोट नव्हतं हेही सांगितलं. लूशियसने काठी भिंतीला टेकवली आणि त्याला क्लीओफसच्या खुर्चीवर बसवलं.

आपल्याला जुन्या घरांची आवड आहे, असं तो माणूस म्हणाला. लूशियसला त्या दिवशी भांडायला कुणी नव्हतं, आणि हा तर कान देऊन ऐकत होता. मग काय, लूशियसच्या तोंडाचा पट्टा सुटला. बोलता बोलता तो त्याला क्लीओफसच्या घराच्या बाजूच्या भिंतीपाशी घेऊन गेला. खिळ्याने चुना खरवडला आणि एक अख्खी वीट अलगद बाहेर काढून त्याच्या हातात ठेवली. बघ, म्हणाला, चुना मऊ म्हणून वीट शाबूत. सिमेंट असतं तर हिचे तुकडे झाले असते. अशी भिंत शिकागोत दाखव.

त्या माणसाने वीट उलटीपालटी करून पाहिली. घराच्या पुढच्या खिडक्या गारपिटीत फुटल्यापासून फळ्या ठोकून बंद होत्या, तिकडे पाहिलं. इथे कोण राहतं, म्हणून विचारलं.

"शिकागोवाला," लूशियस हसत म्हणाला. "म्हणजे कुणीच नाही."

तो माणूसही हसला. वीट परत देऊन गेला.

गुरुवारी उजाडता उजाडता आग लागली. क्लीओफस मागच्या खोलीत झोपायचा. बंबवाल्यांना तो मागच्या दाराशी सापडला, हात कडीवर. चार तास पाणी मारलं, आणि रविवारी लूशियस चर्चमधून परत येईपर्यंत बाजूची भिंत गायब होती.

पोलिसाने त्या माणसाचं नाव विचारलं. लूशियस म्हणाला, नाव नाही विचारलं, शाळा विचारली. पोलिसालाही नवल वाटलं नाही. तोही इथलाच.

सोमवारी क्लीओफसची पुतणी डेल्फीन शिकागोहून आली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, लांबच्या प्रवासाने थकलेली. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "काकांना इथेच पुरायचंय, मिस्टर टॉलिव्हर. ओडेसाकाकूंच्या शेजारी. तसं त्यांनी लिहून ठेवलंय."

लूशियसने तिला पाणी आणून दिलं.

"तुमचं दोघांचं कसलं भांडण चालायचं हो?" ती म्हणाली. "आमच्याकडे आले की ते आमच्याशीच भांडायचे. म्हणायचे, शिकागोत आहे काय? सेंट लुईसची एक वीट आणून दाखवा. आम्ही त्यांना सेंट लुईसवालाच म्हणायचो."

लूशियस गप्प बसला असता तर कुणाला कळणार नव्हतं, आणि क्लीओफस त्याच्या ओडेसाजवळ गेला असता. पण हिच्यासमोर खोटं बसून राहणं त्याला जमेना. त्याने सगळं सांगितलं. शाळा, भिंत, वीट. आणि शेवटचा विनोदही, जसाच्या तसा.

डेल्फीन उठली.

"मी त्यांना घरी नेते," ती म्हणाली. "या गावात नाही ठेवायचं मला त्यांना."

लूशियसने तिला अडवलं नाही. अडवायला त्याच्याकडे तोंड कुठे होतं? त्याच संध्याकाळी क्लीओफस शिकागोला गेला.

आता मंगळवारी लूशियस कब्रस्तानात जातो. ओडेसाच्या कबरीभोवतीची विटांची कड त्यानेच बांधली होती, दोघांना पुरेल एवढी. दगडावर तिच्या शेजारी क्लीओफसचं नाव केव्हाच कोरलेलं आहे, जन्माचं साल, आणि पुढे एक रेघ. खाली जमीन सपाट आहे. लूशियस तिथलं गवत उपटतो आणि घरी येतो.