‘पाहा’ लिहिलेली कार्डं

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे. कोल्हापुरातल्या एका वाचनालयात जिन्याजवळ माझी जागा आहे. मला साठ लहान खण आहेत आणि प्रत्येक खणात जाड कागदाची कार्डं उभी लावलेली आहेत. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय आणि ते कोणत्या फळीवर आहे, हे सगळं त्या कार्डांवर लिहिलेलं असतं. पूर्वी पुस्तक हवं असलं की लोक आधी माझ्याकडे यायचे.

माझी कार्डं ग्रंथपाल ख्वाजासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिली. पुस्तकाचं कार्ड झालं तरी ते थांबत नसत. स्वतःशीच पुटपुटायचे, “शिरोळचा माणूस हे कुठल्या शब्दानं मागंल? आणि चंदगडचा?” मग त्या प्रत्येक शब्दाचं वेगळं कार्ड करून त्यावर लिहायचे, ‘पाहा अमुक’. आलेला वाचक रिकाम्या हातानं परत जाऊ नये, असा त्यांचा हट्ट होता.

पुढे ते निवृत्त झाले आणि संगणक आला. पुस्तकांची नावं त्यात चढली, पण ‘पाहा’ची कार्डं कुणी चढवली नाहीत. माझ्या डोक्यावर चहाचा थर्मास आणि रद्दी येऊन बसली. वाईट वाटायचं, पण वाळवीपासून तरी मी वाचलो होतो, हेही थोडं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी संयोगिता आली. ती नेसरीच्या शेतकऱ्याची मुलगी. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, नोकरी मात्र अकरा महिन्यांच्या करारावरची. पहिल्याच दिवशी तिनं थर्मास उतरवला आणि ओल्या फडक्यानं मला पुसलं. तो स्पर्श मी विसरलो नाही.

करार संपत आला होता. एके सकाळी वाचनालयाचे कार्याध्यक्ष विश्वजितराव नवं यंत्र घेऊन आले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस होता. प्रश्न टंकला की उत्तर तयार.

“संयोगिता, तुझं काम चांगलंच हाय,” ते म्हणाले, “पण हे यंत्रच सगळं सांगतंय की. पुढचा करार कशासाठी करायचा? आणि ते कपाटबी काढून टाकू.”

दुपारी माझ्याशेजारी बसून संयोगितानं घरी फोन लावला. “आई, मी शिकले ते वायाच गेलं बघ. दादाला म्हणावं, बँकेच्या परीक्षेचा अर्ज भर माझा.”

तिसऱ्या दिवशी चंदगडहून हंबीरराव नावाचे वयस्कर शेतकरी आले. हातात चिठ्ठी होती.

“आमच्याकडं मोगरसाळ नावाचा जुना भात हाय,” ते म्हणाले. “गावाच्या नावानं त्येची नोंद करायची हाय. शेतकी हापिसातलं सायेब म्हणालं, जुना छापील पुरावा आणा. नातीनं मोबाईलला इचारलं, तर त्यानं ह्ये पुस्तक सांगितलं.”

चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव होतं, लेखक होता, पान क्रमांकसुद्धा होता. विश्वजितरावांनी आपल्या मदतनिसाला विचारलं. त्यानंही पुस्तक असल्याचं ठासून सांगितलं. तासभर फळ्या धुंडाळल्या. संयोगितानं मोठमोठ्या ग्रंथालयांच्या याद्या तपासल्या. शेवटी ती हळूच म्हणाली, “काका, असं पुस्तक कुणी लिहिलेलंच दिसत नाही. यंत्रानं नुसतं नाव जुळवून दिलंय.”

चिठ्ठी खिशात घालून हंबीरराव बाकावर बसले. “मग आमचा भातबी खोटाच व्हय?”

संयोगितानं त्यांना पाणी दिलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. हा भात कोण पेरायचं? बाहेरची माणसं त्याला काय म्हणायची? तो कधी कुठं नेला होता का? ती एकेक विचारत गेली. हंबीरराव आठवून आठवून सांगू लागले.

“घाटाखालची माणसं वासाचा भात म्हणायची. माझ्या आईनं एकदा कोल्हापुरात प्रदर्शनाला न्हेलता म्हणं. बक्षीस मिळाल्यालं.”

ती धावतच माझ्याकडे आली. ‘व’चा खण उघडला. ‘वासाचा भात – पाहा शेतकी प्रदर्शन, अहवाल.’ ख्वाजासाहेबांचं अक्षर!

तो अहवाल माळ्यावरच्या गठ्ठ्यात निघाला. पानं पिवळी पडली होती, पण शाबूत होती. संयोगितानं वाचलं, “वाण मोगरसाळ. बियाणे आणणारी, झुंबरबाई.” पुढे गावाचं नाव होतं.

“पोरी, पुन्हा वाच की,” हंबीरराव म्हणाले. तिनं तीनदा वाचलं. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

विश्वजितराव दारात उभे होते. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. “उद्यापासनं ते यंत्र बंद.”

“बंद नको, सर,” संयोगिता म्हणाली. “त्याला आपली पुस्तकं कुणी दाखवलीच नाहीत. मी दाखवते.”

तिचा करार तीन वर्षांचा झाला आणि मीही जिन्याजवळच राहिलो. तिनं ‘पाहा’ची सगळी कार्डं आणि पुस्तकांची पानं यंत्रात घातली. आता ते उत्तर देतं तेव्हा पुस्तक आणि पानही दाखवतं, आणि शंका आली की ती स्वतः पान उघडून बघते. हंबीररावांचा अर्ज गेला आहे, निर्णय यायचा आहे.

मागच्या महिन्यात ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी आले होते. त्यांतल्या शबनूरनं विचारलं, “मॅडम, खरं सांगा, नोकऱ्या राहतील का?”

“जुन्या सगळ्या राहणार नाहीत,” संयोगिता म्हणाली. “पण माझी मैत्रीण प्रियदर्शनी एका दवाखान्याचे जुने कागद यंत्राला वाचता येतील असे लावून देते. माझ्या वर्गातला सम्राट एका कंपनीत यंत्राची उत्तरं तपासतो. त्यांच्या टेबलावर ग्रंथपाल अशी पाटी नाही. पण समोरच्याला काय हवंय ते नीट विचारायचं आणि खरं असेल तेच हातात द्यायचं, हे काम ते आपल्याच अभ्यासक्रमात शिकलेत.”

शबनूर आता रोज दुपारी शिकायला येते.

मित्रांनो, ज्यांनी मला लिहिलं, पुसलं आणि उघडलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुम्ही यंत्राला खुशाल विचारा, पण पुस्तकाचं पानही मागा. ते मिळालं नाही तर जवळच्या वाचनालयात जा. टेबलामागच्या ताईला किंवा दादाला विचारायला लाजू नका. आणि काम झालं की, “तुमच्यामुळं सापडलं,” एवढं त्यांना नक्की सांगा.