उशीखालची पिशवी

कात्री मी मागितली आणि बाबांनी उशी पोटाशी घट्ट धरली. सकाळपासून त्यांची टाळाटाळ चालली होती. आधी चहा, मग माझ्या बॅगेचं कुलूप. दुपारी मी नोकरीसाठी परदेशी जाणार होते, आणि जाण्याआधी मला एकदाच आईचा वास घ्यायचा होता.

आई गेली त्या आठवड्यात बाबांनी तिचा स्वेटर चकचकीत पिशवीत घालून पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने चिकटवलं होतं. "हा वास आता कुठे जात नाही. तू म्हणशील तेव्हा उघडू," असं म्हणाले होते.

पिशवी त्यांच्याच कारखान्यातली. खाऊच्या पाकिटांसाठी प्लास्टिकवर तिथे धातूचा पातळ मुलामा चढवतात, हवा आत-बाहेर होऊ नये म्हणून. दिव्यासमोर धरून त्या मुलाम्यातली भोकं शोधायची, हे बाबांचं काम. एका मोठ्या भोकापेक्षा तेवढ्याच जागेची विखुरलेली बारीक भोकं वाईट, वास त्यांतून जास्त झिरपतो, हे आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल. घडी घातली की मुलाम्याला तडे जातात, म्हणून घडी घालणाऱ्याची ते बिनपाण्याने करत. कारखान्यात त्यांचं नावच 'घडीमास्तर' पडलं होतं. आई कपड्यांच्या घड्या घालताना मुद्दाम त्यांची परवानगी मागायची.

शेवटी त्यांनी उशीखालून पिशवी काढली, कोपरा कापला आणि माझ्यापुढे धरली. "आधी तू."

मी नाक आत घातलं. लोकर आणि प्लास्टिक. पुन्हा खोल श्वास घेतला. आई नव्हतीच. खोटं बोलायचं मनात आलं, पण मी पिशवी त्यांच्याकडे वळवली.

मग बाबांनी वास घेतला. बराच वेळ घेतला. त्यांनी स्वेटर बाहेर काढला आणि रिकामी पिशवी खिडकीसमोर धरली. मधोमध उजेडाच्या बारीक ठिपक्यांची एक सरळ रेघ होती आणि तिला छेदणारी दुसरी.

"उशीखाली मावत नव्हती गं," ते म्हणाले. "मीच घातली घडी. रोज त्यावर डोकं ठेवून झोपायचो. वाटायचं, जवळ आहे."

मला रडू आवरेना. त्यांनी स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला.

"घाल. तिकडे गारठा असेल."

बाह्या आखूड झाल्या, तरी मी तो घातला. बाबांनी कुठूनशी पुठ्ठ्याची नळी शोधून आणली आणि ते तिच्यावर ती कापलेली पिशवी हलक्या हाताने गुंडाळू लागले. कुठे सुरकुती पडली की उलगडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायचे. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हाही त्यांनी घाई केली नाही.