दादाची भिंत

पहिल्या भिंतीपाशीच आईची चुळबुळ सुरू झाली. चित्रकार मुलगी जमलेल्या पाहुण्यांना सांगत होती, या झाडूवाल्या बायका, हातमोज्यांसाठी वर्षभर भांडल्या. आईने माझी बाही ओढली.

"आपली कुठली?"

"शेवटची. गल्लीच्या टोकाला."

"मग आधी या सगळ्यांच्या वराती कशाला?"

दुसऱ्या भिंतीवरच्या चित्रात घराबाहेर काढलेलं एक कुटुंब गुंडाळलेल्या गादीवर बसलं होतं. आईने त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. मलाही उभं राहवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात चौकशी समितीसमोर दादाचं प्रकरण येणार होतं. माझा भाऊ कारखान्यात रसायनांच्या टाक्या आत उतरून धुवायचा. एका टाकीतून तो जिवंत वर आला नाही. कंपनी म्हणत होती, त्याने मास्क काढला होता. त्याला ओढून बाहेर आणणारा जोडीदार म्हणत होता, मास्क तोंडावरच होता, आतली हवा शुद्ध करणारी गाळणी संपली होती. संपलेली गाळणी नव्यासारखीच दिसते. एरवी मास्कमध्ये वास येऊ लागला की कळतं. त्या वायूला वास नव्हता.

शेवटच्या भिंतीवर, आईने दिलेल्या फोटोवरून, त्या चित्रकार मुलीने दादाला दोन मजले उंच रंगवला होता, टाकीच्या तोंडातून खाली उतरताना. गोबरे गाल, हनुवटीवरची खळी, हसू. बाजूची परांची अजून उतरवली नव्हती.

"गालफुग्या माझा," आई हळूच म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "उपाशी नाही ठेवलास गं त्याला."

मागे एका पाहुण्याने फोन उंचावला. "टाकीत उतरतोय आणि मास्क नाही? मग दुसरं काय होणार."

आईची बोटं माझ्या दंडात रुतली.

"मास्क कुठाय?" तिने मुलीला विचारलं.

"मुद्दामच नाही रंगवला, काकू. चेहरा दिसायला हवा ना. हवं तर गळ्यात लटकवते."

"म्हणजे जवळ असून लावला नाही, असंच झालं," मी म्हणाले.

समितीतलं कुणी इथे येणार होतं की नाही, मला माहीत नव्हतं. पण पाहुण्याने काढलेला फोटो तर आता बाहेर गेलाच होता.

"तोंडावर लाव," आई म्हणाली.

"गाल, खळी, सगळं झाकलं जाईल. मग ओळखणार कोण त्याला?"

"मी आहे की. बाकीच्यांसाठी खाली नाव लिही."

पाहुणे पांगले. मुलगी परांचीवर चढली. करड्या रंगाचा पहिला हात हनुवटीवरून फिरला आणि मी मान वळवली. घरी चल म्हणून आता मीच आईची बाही ओढत होते. दुपारभर घाई करणारी आई जागची हलेना. हसू गेलं, गाल अर्धे गेले. डोळे राहिले.

आईने मान मागे टाकून वर हाक मारली, "पट्टे सैल दिसतायत गं. घट्ट कर. सैल राहिले की कडेने हवा आत येते. तोच सांगायचा मला."